बताशाचं म्यान

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. इंदूरच्या खंडवा रोडवरच्या तबेल्यात सकाळी साडेसातला मी बताशाला खरारा करत होते. त्याने मागचे पाय फाकवले, पाठ ताणली आणि लघवी सुरू केली. धारा दोन होत्या. एक सरळ खाली, दुसरी तिरकी, त्याच्याच मागच्या पायावर. झाल्यावर त्याने तो पाय दोनदा आपटला आणि शेपटीचं मूळ खांबाला घासायला लागला. वाकून पाहिलं तर आतल्या मांडीला काळपट, मेणचट पापुद्रे चिकटलेले होते. एक नखाने काढला. वास इतका उग्र की हात तीन वेळा धुऊनही घरी पोह्यांच्या पहिल्या घासाला तो नाकात होता.

बताशा नुकरा आहे. पांढरे केस, खाली गुलाबी कातडी. खच्ची केलेला, वय चौदाच्या आसपास. लग्नाच्या वरातींत सात वर्षं चालला. २०२३च्या दिवाळीत त्याच्या मालकाने धंदा सोडला तेव्हा आम्ही त्याला घेतला. ही सगळी वर्षं लोक त्याला घोडीच म्हणत आले, कारण नवरदेव चढतो ती घोडीच, मग ती कुणीही असो. शालू पांघरलेला, माथ्यावर कलगी, गळ्यात घुंगरांची माळ. त्याच्या पोटाखाली पाहायचं कुणाच्या मनात येणार?

मी पाहिलं, पण मला ते कुणाला सांगता येईना. तबेल्यातले चाचा पासष्टीचे, जन्म घोड्यांत गेलेला मोतद्दार. मी त्यांना म्हटलं, ‘‘चाचा, बताशाला खाली काहीतरी झालंय.’’ चाचांनी लगेच चारही पाय एकेक करून उचलले, खूर ठोकून पाहिले आणि गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी नालबंद आला. चारही नाल बदलले, १,२०० रुपये घेतले. मी पैसे दिले आणि गप्प घरी आले. नाल चांगले बसले होते. दोन धारा होत्या तशाच होत्या.

आठवडा असाच गेला. सोळाच्या रविवारी जेवताना मी यांना दबक्या आवाजात सांगत होते. मुलगी घरी आली होती, तिने ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, ‘‘म्हणजे त्याची शू करायची जागा कधी धुतलीच नाहीये?’’ यांचा घास हातातच राहिला. माझ्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या, माहेर बऱ्हाणपूरचं, घरी चार बैल. वाल सोलता सोलता त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पोळ्याला आबा बैल धुवायचे ते काय अर्धाच धुवायचे?’’ आम्ही सगळे इतके हसलो की यांना ठसका लागला. त्या हसण्यात माझ्या मनावरचं ओझं निम्मं उतरलं.

संध्याकाळी मी थेट तबेल्यात गेले आणि चाचांना सरळ म्हटलं, ‘‘चाचा, पाय नाही. लघवीची जागा.’’ चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की बताशाने वळून पाहिलं. ‘‘अच्छा, म्यान!’’ म्हणाले. वर्षभर त्यांनाही हे सांगायचं होतं. बाईमाणसाला सांगायचं कसं, म्हणून थांबले होते. मी त्यांच्यासाठी थांबले होते, ते माझ्यासाठी, आणि मधे बताशा खांबाला शेपूट घासत उभा होता.

म्यान हा शब्द मला फार आवडला. तलवार आत राहते ते म्यान. घोड्याचंही तसंच, आत ओढून घेतलेलं असतं आणि वर कातडीची दुहेरी घडी. हा शब्द मिळाल्यावर आमच्या घरात, तबेल्यात आणि पुढे दवाखान्यात कुणाचीच जीभ अडखळली नाही. तुम्हालाही कुणाशी बोलताना अवघडल्यासारखं झालं तर हाच शब्द वापरा.

२४ फेब्रुवारी, सोमवार. अर्धी रजा टाकून पशुरुग्णालयात गेले. खिडकीवर फॉर्म मिळाला: मालकाचं नाव, पत्ता, जनावर, रंग, लिंग, तक्रार. सोबत मालकीचा कागद जोडायचा होता. मी आमचा खरेदीचा स्टॅम्पपेपर दिला. त्यावर आधीच्या मालकाने लिहून दिलं होतं: ‘घोडी, नुकरा, एक नग.’ खिडकीतल्या गृहस्थांनी कागद वाचला, माझा फॉर्म वाचला, पुन्हा कागद वाचला. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘‘मॅडम, घोडीला ही तक्रार कशी असेल?’’ मी सांगितलं की तो घोडा आहे. ते म्हणाले, असेल, पण कागदावर घोडी आहे, आणि भुलीचं औषध कागदावरच्या जनावराच्या नावानेच चढवावं लागतं. मागे रांगेत लॅब्रेडॉर घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी सुचवलं की ‘इतर’ लिहा. ‘इतर’चा रकानाच नव्हता.

उपाय निघाला शपथपत्राचा. पन्नास रुपयांचा स्टॅम्प, नोटरीचे दोनशे. मजकूर असा: मी शपथपूर्वक सांगते की सदर खरेदीपत्रात घोडी असा उल्लेख असलेले जनावर हे प्रत्यक्षात नर, खच्ची केलेला घोडा आहे. नोटरी वकिलांनी हे वाचून मला पुराव्याला काय आहे ते विचारलं आणि प्रश्न तोंडातून निघताक्षणी स्वतःच थांबले. शिक्का मारला. बुधवारी, २६ला महाशिवरात्र, सगळं बंद. गुरुवारी सत्तावीसला नोंद झाली. घोडा वरातीतून आलेला असेल तर खरेदीच्या दिवशीच कागदावर नर, मादी की खच्ची, रंग आणि अंगावरच्या खुणा नीट लिहून घ्या. आमचे तीन दिवस यात गेले.

डॉक्टर तरुण मुलगी होती, महूला शिकलेली. तिने एकही प्रश्न संकोचून विचारला नाही, त्यामुळे मीही संकोचले नाही. खातो का, ताप आहे का, कुंथतो का, पूर्ण बाहेर काढतो का, धार कधीपासून फाटते? मग तिने कागदावर चित्र काढून समजावलं. म्यानाच्या आतल्या कातडीत ग्रंथी असतात. त्यांचा तेलकट स्राव, मेलेल्या कातडीचे पापुद्रे आणि धूळ मिळून हा मळ होतो. थोडा मळ असणं नैसर्गिक आहे, तो कातडीला वंगणासारखा उपयोगी पडतो. त्रास होतो तो टोकाला. तिथे मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती एक खळगी असते, त्या खळगीत हाच मळ दाबला जाऊन घट्ट गोळी बनते. इंग्रजीत त्याला बीन म्हणतात, म्हणजे घेवड्याचा दाणा. चाचा खडा म्हणतात. खडा मोठा झाला की मूत्रमार्गाच्या तोंडावर दाब येतो आणि धार फाटते. खच्ची घोडे लघवी करताना पुष्कळदा पूर्ण बाहेर काढत नाहीत, आतच करतात, म्हणून त्यांच्यात साठणं जास्त.

बताशाच्या बाबतीत तिला दुसरी एक काळजी होती. गुलाबी कातडीच्या घोड्यांना या जागी कातडीचा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो. शिश्नाच्या गाठींत घोड्यांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. म्हणून नुकऱ्याचं म्यान धुणं म्हणजे तपासणंही आहे, असं ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सात वर्षं तो लोकांच्या आनंदात नाचला आणि त्याला एकदाही कुणी नीट पाहिलं नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

धुण्यासाठी डॉक्टरांची सगळ्यात जवळची मोकळी तारीख १९ मार्च मिळाली. तोवर कुंथायला लागला, लघवी थेंबथेंब व्हायला लागली, पोटाकडे वळून बघत राहिला किंवा लघवी बंद झाली तर रात्रीसुद्धा फोन करायचा, थांबायचं नाही. आणि तिला लघवीचा व्हिडिओ हवा होता.

हा व्हिडिओ २ मार्चच्या रविवारी काढला. घोडा सांगून लघवी करत नाही. चाळीस मिनिटं मी मोबाइल धरून त्याच्या बाजूला उभी होते. तो माझ्याकडे बघत शांतपणे चंदी खात होता. मग चाचांनी खाली कोरडा पेंढा पसरला. पायावर शिंतोडे उडालेले घोड्याला आवडत नाहीत, पेंढ्यावर तो लवकर मोकळा होतो. आणि त्यांनी शीळ घातली, लांब, खालच्या सुरात, एकसारखी. मोतद्दारांची ही जुनी रीत आहे, शिळेची सवय लावलेला घोडा ती ऐकून लघवी करतो. त्याच वेळी अंगणात लग्नाच्या बँडवाल्यांची तालीम चालली होती. क्लॅरिनेटवाल्याला वाटलं चाचा सूर देताहेत, त्याने तोच सूर धरला. बताशाने कान टवकारले, पाय फाकवले आणि क्लॅरिनेटच्या सुरावर दोन धारा सोडल्या. शेजारच्या ठाणावरच्या दोघांनीही सोडल्या. डॉक्टरांना तो व्हिडिओ आवाजासकट पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘निदान स्पष्ट आहे. संगीत सुंदर.’

१९ला रंगपंचमी होती, हे तारीख देताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, अर्धं शहर रंगात, रस्ते बंद. फोन करून शनिवार, २२ मार्च ठरला. इंदूरमध्ये मार्चची कोणतीही तारीख घेताना आधी पंचांग बघा.

दवा बाजारात सामान घेतलं: शंभर हातमोज्यांचा डबा, लिक्विड पॅराफिन, जेली, कापसाचं मोठं बंडल, लहान मुलांचा सौम्य साबण. ७१५ रुपये. डेटॉल, पोव्हिडोन आयोडीन, लाल औषध यांतलं काहीही घेऊ नका असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आणि यावरून चाचांचा त्यांच्याशी फोनवर वाद झाला. चाचांचं म्हणणं, जिथे मळ तिथे औषध. डॉक्टरांचं म्हणणं, म्यानात उपयोगी जंतू राहतात, जंतुनाशकाने ते मरतात आणि त्यांच्या जागी वाईट वाढतात, कातडी सोलवटते ती वेगळी. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, ‘‘चाचा, दही लावलेल्या भांड्यात तुम्ही डेटॉल घालाल का?’’ चाचांना ते पटलं. आता तबेल्यात येईल त्याला दह्याचं उदाहरण तेच देतात.

शुक्रवारी रात्री चाचांनी पॅराफिन जरा कोमट करून म्यानात सोडलं, म्हणजे घट्ट मळ रात्रभर भिजतो. शनिवारी सकाळी डॉक्टर आल्या. आधी छातीचे ठोके मोजले, मिनिटाला ३६. मग झायलझिन हे भुलीचं औषध शिरेतून दिलं. औषध निवडताना नर घोड्याला फार जपावं लागतं. घोड्यांना शांत करायला वापरतात त्यातल्या काही औषधांनी क्वचित नराचं शिश्न बाहेर लोंबकळत राहतं आणि परत आत जात नाही, ते नुकसान कायमचं ठरू शकतं. म्हणून दुकानातून आणून स्वतः टोचणं किंवा कुणाच्या सांगण्यावरून देणं, हे अजिबात करू नका.

पाच मिनिटांत बताशाची मान गुडघ्यापर्यंत खाली आली, खालचा ओठ लोंबू लागला, डोळे अर्धे मिटले. आणि हळूहळू म्यानातून सगळं बाहेर आलं. पांढऱ्या घोड्याचं ते अंग गुलाबी असतं हे मला माहीत होतं, पण दिसत होतं ते राखी, सालपट निघाल्यासारखं, जुन्या भिंतीच्या रंगाचे पोपडे असावेत तसं. आजूबाजूला तबेल्यातली पाच-सहा पुरुष मंडळी जमली होती. एकेकाची नजर आभाळाकडे, भिंतीकडे, स्वतःच्या चपलेकडे. डॉक्टरांनी शांतपणे प्रत्येकाला एकेक काम दिलं: तू पाणी धर, तू डोकं सांभाळ, तू कापूस दे. काम मिळाल्यावर सगळे पाहायला लागले.

उभं कसं राहायचं हे त्यांनी मला आधी शिकवलं. घोड्याच्या खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून, त्याला चिकटून. डावा हात त्याच्या पाठीवर. लाथ मारायच्या आधी पाठ आवळते, ती हाताला कळते. बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. भूल दिलेला घोडाही लाथ मारतो, आणि झोपेतून मारलेली लाथ इशारा देत नाही. दोन हातमोजे एकावर एक घालायचे. वरचा फाटला तरी हाताला वास लागत नाही, आणि तो वास दोन दिवस जात नाही, हे मी पहिल्या रविवारी शिकले होते.

कोमट पाणी, ओला कापूस, अगदी थोडा साबण. ओरबाडायचं नाही, सुटतं तेवढंच काढायचं. म्यानाच्या घडीत बोटं फिरवून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यांसारखे तुकडे बाहेर येत होते. मग डॉक्टरांनी करंगळीला जेली लावली आणि टोकाच्या खळगीत सावकाश फिरवली. बताशाने एक लांब हुंकार दिला. पहिला खडा निघाला तो चिंचोक्याएवढा. आकारही तसाच, चपटा, कडा गोल, रंग राखी-काळा. दाबला तर बाहेरून टणक, आतून मऊ, ओल्या खडूसारखा. दुसरा वालाच्या दाण्याएवढा. मी ते दोन्ही तळहातावर घेऊन उन्हात पाहत राहिले. एवढ्या नाजूक जागी हे घेऊन तो माझ्या मुलीला पाठीवर बसवून फिरला होता, एकदाही चिडला नाही.

खळगीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा एक खरखरीत लाल डाग होता. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढला, मोजला आणि म्हणाल्या, घाण निघाल्यावर कातडी शांत होते, पंधरा दिवस बघू. तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. मी मान हलवली. बाकीची मंडळी खडे बघायला गर्दी करत होती आणि मला कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

त्याच भुलीत ग्लँडर्स या घोड्यांच्या आजाराच्या तपासणीसाठी रक्त काढलं. लग्नाच्या घोड्यांमध्ये राहतो म्हणून एकदा तपासून घेतलेलं बरं. हा आजार घोड्याकडून माणसालाही होतो. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राला गेला, कुरिअर आणि बर्फाचे ६०० रुपये. त्या फॉर्मवरही लिंगाचा रकाना होता. मी शपथपत्राची प्रत पुढे केली.

शेवटी साध्या पाण्याने दोनदा धुतलं, साबणाचा अंश आत राहू देऊ नका, तो चुरचुरतो. मग तीन तास चारा-पाणी बंद. अर्धवट गुंगीत खाल्लं तर घास घशात अडकतो. मी सावलीत त्याच्याजवळ बसून राहिले. डॉक्टर जाताना सांगून गेल्या होत्या की सगळं परत आत गेलंय ना हे बघितल्याशिवाय तबेला सोडायचा नाही. पावणेबाराला गेलं. चाचांनी मला लांबून दोन्ही हात उंचावून खूण केली, जणू वरात दारात आली. घरभेटीची पावती १,५००, भुलीचं औषध ८५०. शपथपत्र, सामान, कुरिअर धरून ३,९१५ झाले, नालबंदाचे वेगळे.

दोन दिवस म्यान जरा सुजलेलं होतं. रोज अर्धा तास पायी फिरवलं, उतरलं. पंधरा दिवस मी रोज सकाळी पोटाखाली वाकून पाहायचे, पण आत गेलेलं दिसणार कसं? ६ एप्रिलला, रविवारी, खरारा मानेच्या मुळाशी पोचला, तिथे त्याला फार सुख वाटतं, आणि तो आपणहून सैल झाला. डाग नव्हता. कातडी गुलाबी, स्वच्छ. मी चाचांना हाक मारली तेव्हा माझा आवाज फुटत होता. चाचा ‘क्या हुआ, क्या हुआ’ करत धावत आले, पाहिलं, आणि आम्ही दोघं मिळून तिथेच रडलो. मागून सासूबाईंचा फोन, ‘‘धार कशी आहे?’’ एक होती. ग्लँडर्सचा अहवाल महिनाअखेरीस आला, निगेटिव्ह, आणि त्यावर छापलं होतं: नर, खच्ची.

हे वारंवार करायचं काम नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एरवी फक्त नजर ठेवायची. पण पुढच्या वेळी भूल लागू नये म्हणून आम्ही उन्हाळाभर बताशाला सवय लावली. खरारा संपला की हाताची पालथी बाजू पोटाखाली, आधी क्षणभर, मग जास्त. त्याने पाय उचलला की थांबायचं, पाय खाली ठेवला की हात काढायचा आणि गाजराचा तुकडा. जूनमध्ये कोमट पाण्याचा स्पंज. ऑगस्टमध्ये म्यानाच्या तोंडापर्यंत. कधीकधी आठवडाभर काहीच पुढे सरकलं नाही. घाई केली त्या दिवशी तो दोन दिवस मागे गेला. पावसाळ्यात माश्या फार, म्हणून लीद दिवसातून तीनदा उचलायला लावली. या जागी माश्यांमुळे जखमा होतात, त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत.

५ ऑक्टोबरला, रविवारी, भूल न देता धुतलं. डॉक्टर फक्त शेजारी उभ्या होत्या. वीस मिनिटं लागली, मधे दोनदा थांबलो. खळगीत खडा निघाला तो मसुराच्या डाळीएवढा, मऊ. साबण वापरलाच नाही. बताशा गाजर चघळत होता.

तुळशीची लग्नं जवळ आली होती, तबेल्यात झुली धुऊन वाळत घातल्या होत्या. तिथले सहा घोडे वरातीचे. चाचांनी त्या दिवशी पहिल्यांदाच एकेकाच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि मला सांगितलं की त्या सहा घोडींतले चार घोडे आहेत. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याचा मालक चहा घेत उभा होता. चाचा त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘‘भैया, तुम्हारे को भी नीचे दिखाना पड़ेगा.’’ त्याने कप ठेवला, वाकला आणि घोड्याचा पाय उचलून नाल पाहू लागला. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘नाल नहीं, भैया. म्यान.’’